तान्ह्या पोळ्याचा चाकांचा लाकडी बैल, घरच्या स्क्रोल सॉवर

श्रावण अमावस्येला खऱ्या बैलांचा पोळा आणि दुसऱ्या दिवशी पोरांचा. विदर्भातला हा तान्हा पोळा दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ साली नागपुरात सुरू केला असं सांगतात. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी (रेल्वे) इथे तर अंगणात मावणार नाहीत एवढे मोठे नंदी मिरवणुकीत येतात. पण या सणाचा खरा जीव पोरांच्या हातातल्या बैलात असतो. झूल घातलेला, पायाखाली चाकं असलेला बैल दोरीनं ओढत पोरं घरोघरी जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करतात. बाजारात तयार बैल मिळतात आणि काही फार सुंदरही असतात. तरी ज्याच्याकडे स्क्रोल सॉ (बारीक पातं वरखाली हलवून लाकडात वळणं कापणारं यंत्र) आहे त्यानं एकदा तरी स्वतःच्या हातानं बैल कापावा. या यंत्राचं जवळजवळ प्रत्येक काम त्यात येतं: जाड लाकडातली लांब वळणं, जोडीनं कापायचे तुकडे, बारीक टोकं आणि आतली कापणी.

दर पोळ्यानंतर मोडके बैल पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. ते मोडतात शिंगात किंवा पायात, आणि तुटतात ते बहुधा लाकडाच्या रेषांना, म्हणजे त्यातल्या तंतूंच्या दिशेला, धरून, जणू आधीच चिरलेले असावेत तसे. यात दोष लाकडाचा नसतो, फळीवर आकार आखणाऱ्याचा असतो. म्हणून या लेखात यंत्राइतकंच रेषांबद्दल लिहिलं आहे.

रेषा आधी, आकार नंतर

कामाला लागण्याआधी पाच मिनिटांचा एक प्रयोग करा. वापरायच्या फळीच्या उरलेल्या तुकड्यातून बोटभर लांब आणि १० मिमी रुंद अशा दोन पट्ट्या कापा. एक रेषांच्या दिशेनं, दुसरी रेषांना आडवी. दोन्ही हातात धरून वाकवा. आडवी पट्टी कट्‌कन तुटेल, आणि तुटलेला भाग जवळून पाहिला तर तिथे एकही तंतू ओढला गेलेला दिसणार नाही, स्वच्छ फट पडलेली दिसेल. उभी पट्टी मात्र तुमच्या बोटांना दाद देणार नाही.

आता बैल डोळ्यांसमोर आणा. पाठ आडवी, पाय उभे, शिंगं तिरकी. एकाच फळीतून अख्खा बैल कापला, तर कुठला ना कुठला अवयव रेषांना आडवा जाणारच. पाठीसाठी रेषा आडव्या ठेवल्या की चारही पाय त्या आडव्या पट्टीसारखे कच्चे होतात. त्यामुळे बैल सुटा करायचा: धड, मान आणि डोकं मिळून एक तुकडा, चार पाय वेगळे, दोन शिंगं वेगळी, दोन कान वेगळे. प्रत्येक तुकड्यात रेषा त्या अवयवाच्या लांबीला धरून. काम थोडं वाढतं, पण बैल पोरांच्या हातात टिकतो.

जातही इथेच ठरवा. खिल्लाराची शिंगं लांब, मागे आणि वर वळलेली. दिसायला देखणी, पण लाकडात सगळ्यात नाजूक. वर्धा-नागपूरकडच्या गवळाऊची शिंगं आखूड आणि बोथट असतात. पाच वर्षांच्या पोराला ओढायला द्यायचा बैल असेल तर मी निःशंकपणे गवळाऊ म्हणेन. तो त्याच मातीतला आहे आणि त्याच्या शिंगांना मोडण्याइतकी लांबीच नाही. कपाटावर ठेवायचा असेल तर खिल्लार.

लाकूड

विदर्भात साग सहज मिळतो. फर्निचरवाल्या सुताराकडच्या उरलेल्या तुकड्यांतही एका बैलाचं काम भागतं. साग टिकाऊ आहे, त्याला सहसा कीड लागत नाही, पण तो पात्याची धार लवकर मारतो आणि त्याचा बारीक भुसा नाकाला आणि कातडीला झोंबतो. माझी पसंती शिवणीला. हलकी, फिकट, वाकडी-तिकडी न होणारी, पात्याखाली लोण्यासारखी जाते. आंबाही चालतो, फक्त त्याला पोखरणारी कीड लागते, म्हणून बारीक भोकं किंवा पिठासारखा भुसा दिसला तर तो तुकडा घरातच आणू नका. पॅकिंगच्या खोक्यांचा पाइन शिकण्यापुरता ठीक. एमडीएफ नको: पायासारखा बारीक भाग त्यात टिकत नाही आणि पाणी लागलं की तो फुगतो. पोळा भर पावसाळ्यात येतो हे विसरू नका.

लागणारं सामान असं: धडासाठी १९० × १२० × २० मिमीचा एक तुकडा. पायांसाठी १०० × ५० × १२ मिमीचे चार, रेषा १०० मिमीच्या बाजूला. शिंगांसाठी ८ मिमी जाडीची आणि कानांसाठी ६ मिमी जाडीची पट्टी. बैल ज्यावर उभा राहील त्या पाटासाठी २२० × ९० × १२ मिमी. चाकांसाठी ६० मिमी चौरसाचे १२ मिमी जाड चार तुकडे. आसासाठी ८ मिमीची गोल दांडी. सगळे तुकडे गुण्यात (कडा काटकोनात) असू द्या, विशेषतः पायांचे. गाठ धडाच्या पोटात आली तर चालेल, मानेत किंवा पायात नको.

आखणी

दहा मिलिमीटरच्या चौकटींच्या आलेख कागदावर बैल कडेनं काढा. छातीपासून ढुंगणापर्यंत साधारण १२५ मिमी, पोटाची खोली ५५ ते ६० मिमी, पुढे मान आणि डोकं. घरी काढलेल्या बहुतेक चित्रांत वशिंड पाठीच्या मधोमध सरकतं आणि बैलाचा उंट होतो. वशिंड पुढच्या पायांच्या बरोबर वर, मानेच्या बुडाशी असतं. तिथून पाठ किंचित खाली येते आणि माकडहाडापाशी पुन्हा थोडी उचलते. गळ्याखालची पोळी जरूर दाखवा, तिच्याशिवाय आपला देशी बैल दिसत नाही. पण ती रेषांना आडवी लोंबते, तेव्हा तिचा उतार पसरट ठेवा. एकंदर आकारात ८ मिमीपेक्षा अरुंद जागा कुठेच नको.

शेपूट लाकडात कापूच नका. ढुंगणापाशी भोक पाडून सुतळीची शेपूट ओवली आणि टोक उसवून गोंडा केला की ती हलतेही आणि मोडतही नाही.

पाय ९० मिमी उंच: वरचे ३५ मिमी धडावर चिकटणारे, तिथे रुंदी ४०. गुडघ्यापाशी १६, खुराशी २०. मागच्या पायाला मांडीचा फुगवटा आणि टाचेचा मागे आलेला कोपरा द्या, म्हणजे पुढचा-मागचा पाय वेगळा कळतो. शिंगाचा कागद फळीवर ठेवताना बुंध्यापासून टोकापर्यंत एक सरळ रेघ मारा आणि ती रेघ लाकडाच्या रेषांशी समांतर करा. खिल्लाराचं शिंग मध्ये वळताना रेषांबाहेर जातंच, म्हणून वळणाशी १० मिमी रुंदी राखा.

लाकडावर आधी मास्किंग टेप लावा, तिच्यावर ग्लू स्टिकनं कागद आणि कागदावर पारदर्शक पॅकिंग टेप. खालची टेप काम झाल्यावर कागदासकट निघून येते. वरच्या टेपमुळे पातं कमी तापतं आणि लाकूड करपत नाही. सागाच्या २० मिमी जाडीत हा फरक डोळ्यांना दिसतो.

भोकं आधीच

तुकडा चौकोनी असताना तो शिकंज्यात नीट बसतो, म्हणून भोकं कापणीआधी पाडायची. डोळा ४ मिमी, वेसणीसाठी नाकपुडीत ३ मिमी, शेपटीसाठी ४ मिमी, चाकांच्या केंद्रात ८ मिमी. खाली एक टाकाऊ फळी धरा, नाहीतर दुसऱ्या बाजूला चिंध्या निघतात. पायांच्या तुकड्यांना खुराच्या बाजूनं, जाडीच्या मधोमध, ५ मिमीचं भोक २० मिमी खोल. हे बैलाला पाटावर धरून ठेवणाऱ्या खुंटीसाठी आहे. चारही तुकड्यांवर ते एकाच जागी यायला हवं.

यंत्राची तयारी

पातं बदलण्याआधी प्लग काढा. दाते खाली तोंड करून. वीस मिलिमीटरच्या धडासाठी आणि जोडीनं कापायच्या पायांसाठी ७ किंवा ९ नंबर, सुट्या १२ मिमीसाठी ५, शिंगं आणि कानांसाठी ३. ताण पुरेसा आहे का हे बोटानं छेडून कळतं: एकतारीच्या तारेसारखा स्वच्छ सूर आला पाहिजे, थडथड नाही. सैल पातं जाड लाकडात पोट काढतं, आणि मग वरून रेघेवर असलेली कापणी खालून भलतीकडे गेलेली असते.

यानंतरची तपासणी फार लोक टाळतात आणि नंतर पस्तावतात. टेबल पात्याशी काटकोनात आहे का? गुण्या लावून अंदाज येतो, पण खरी परीक्षा अशी: ४० मिमी उंचीचा एक ठोकळा घ्या, त्याला पात्यानं दोन मिलिमीटरची खाच द्या, यंत्र बंद करा. ठोकळा टेबलावरच फिरवून पात्याच्या मागच्या बाजूला न्या आणि तीच खाच पात्यावर सरकवा. पातं खाचेत वरपासून खालपर्यंत अलगद बसलं तर टेबल बरोबर. वर शिरतं आणि खाली अडतं, किंवा उलट, असं झालं तर टेबल कललेलं आहे. अर्धा अंश फरक असला तरी जोडीनं कापलेल्या दोन पायांतला खालचा पाय वरच्यापेक्षा बारीक किंवा जाड निघेल.

मास्क आणि चष्मा लावा. बोटं पात्याच्या समोर नकोत, नेहमी बाजूला. शिंगाएवढा लहान तुकडा मोठ्या पट्टीच्या टोकाशी असतानाच कापा, आधी सुटा करून नंतर आकार द्यायला जाऊ नका. पोरांना घासायला आणि रंगवायला भरपूर काम आहे, यंत्र मोठ्यांनीच चालवावं.

कापणी

धडापासून सुरुवात करा, आणि डोक्याकडून. तोंड, कपाळ, मान आणि वशिंडामधली खाच ही नाजूक जागा कापताना हातात भरपूर लाकूड असलं पाहिजे. पाठ आणि पोट शेवटी. वशिंडाजवळच्या खोल कोपऱ्यात थेट वळायला जाऊ नका. आधी टाकाऊ बाजूनं त्या कोपऱ्यापर्यंत एक सरळ काप द्या, मागे या, आणि मग रेघेवरून जा. कोपऱ्याशी पोचलात की तुकडा आपोआप गळून पडतो आणि पात्याला वळायला जागा होते.

लाकूड ढकलू नका, सारा. पातं कापतं त्याच वेगानं सारायचं. हातात लाकूड उसळायला लागलं, पातं मागे वाकताना दिसलं किंवा करपल्याचा वास आला, तर घाई होते आहे किंवा पातं बोथट झालं आहे. बोथट पात्याशी झुंजू नका, बदला. बहुतेक पाती किंचित एका अंगाला ओढतात, कारण ती बनवताना त्यांच्या एका कडेला कूस (बारीक खरखरीत धार) राहते. त्यामुळे सरळ रेघेवरही लाकूड जरा तिरकं धरावं लागतं. हा कल पाट कापायला घेण्याआधी एखाद्या टाकाऊ तुकड्यावर ओळखून घ्या, मग हात आपोआप जुळवून घेतो. वळणावर पुढचा दाब काढा, पात्याभोवती लाकूड फिरवा, मग पुन्हा पुढे. रेघेच्या बाहेरून केसभर अंतर ठेवून गेलात तर उरलेलं कानस काढून टाकते. रेघेच्या आत गेलात तर मात्र तोच नवा आकार समजून पुढचं वळण त्याला जुळवा.

पाय जोडीनं: पुढचे दोन एकत्र, मागचे दोन एकत्र. दोन तुकड्यांमध्ये टाकाऊ भागात दुहेरी टेप, बाहेरून पॅकिंग टेपचा वेढा, आणि खुराकडच्या कडा अगदी बरोबर जुळलेल्या. खुराची ही कड कापायची नाही, ती मूळ सरळ कड आहे आणि बैल तिच्यावर उभा राहणार आहे.

चाकं ५० मिमी व्यासाची. साधी गोल चाकंही छान दिसतात. आऱ्यांची हवी असतील तर प्रत्येक आऱ्यामधल्या जागेत ३ मिमीचं भोक पाडा, पातं वरून सोडवा, भोकातून ओवा, पुन्हा ताणा आणि आतली जागा कापा. ही आतली कापणी बाहेरचं वर्तुळ कापण्याआधी करायची. आरा ७ मिमीपेक्षा बारीक नको, चाकातही दोन आरे रेषांना आडवे येतातच.

घासणी

जोडल्यावर कोपऱ्यांत हात पोचत नाही, म्हणून घासणी आधी. कानशीनं कडा गोल करा, मग ८०, १२० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर. पाठ, वशिंड आणि कपाळ चांगलं गोलावू द्या. तिथे बैलाला अंग येतं. पण धडाच्या ज्या जागी पाय चिकटणार ती जागा पेन्सिलीनं आखून सपाट ठेवा, आणि पायाची आतली बाजूही. तिथे गोलाई आली की गोंदाला पकड राहत नाही. शिंग घासताना बुंध्याकडून टोकाकडे, कधीच आडवं नाही.

जोडणी

सागाच्या अंगात तेल असतं, म्हणून चिकटवायच्या जागा ताज्या पॉलिश पेपरनं हलक्या घासून लगेच फेव्हिकॉल लावा. आरशाच्या काचेसारख्या सपाट जागेवर बैल उभा करून आधी कोरडी जुळणी पाहा: चारही खूर टेकलेच पाहिजेत. मग पाय चिकटवा, वर शिकंजा, आणि रात्रभर सोडा. पावसाळी हवेत वाळायला जास्त वेळ लागतो, शिकंजा काढायची घाई नको. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्यानं लगेच पुसा, नाहीतर तेल लावल्यावर तिथे पांढुरका डाग राहतो.

शिंगं डोक्याच्या दोन्ही बाजूंना, सपाट बाजू सपाट बाजूला लावून. टोकावर टोक चिकटवलं तर ते पहिल्याच आठवड्यात निघतं, कारण लाकडाचा आडवा कापलेला तोंडवळा गोंद शोषून घेतो. कान शिंगांच्या जरा खाली आणि मागे, किंचित लोंबते.

आता बैल पाटावर. बांबूच्या ५ मिमी जाड खुंट्या खुरांच्या भोकांत कोरड्याच बसवा, दोन मिलिमीटर बाहेर राहू द्या, टोकांना ओला गेरू लावा आणि बैल पाटावर हवा तिथे अलगद टेकवा. पाटावर चार तांबडे ठिपके उमटतात. बरोबर तिथेच ५ मिमीची आरपार भोकं पाडा. मग ३० मिमीच्या खुंट्या गोंद लावून खालून ठोका. इथे स्क्रू वापरू नका, १२ मिमी जाडीच्या पायात तो खालून शिरताना पाय उभा चिरतो.

पाटाखाली चार ठोकळे, ३० मिमी उंच. चौघांना एकत्र टेप लावून वरच्या कडेपासून १५ मिमीवर ९ मिमीचं भोक पाडा, म्हणजे सगळी भोकं एका पातळीत येतात. दांडी ८ ची आणि भोक ९ चं, हे मुद्दाम. पावसात दांडी फुगते आणि घट्ट भोकात आस अडकून बसतो. चाकं मात्र दांडीला गोंदानं पक्की, त्यांचं भोक ८ चंच. ठोकळा आणि चाक यांच्यामध्ये एकेक वॉशर. आसाची लांबी १२० मिमी पुरते. आसाला मेण घासा, गोंद ठोकळ्यात जाणार नाही याची काळजी घ्या.

तेल, रंग आणि साज

लहान मूल हा बैल तोंडात घालणार हे धरूनच चाला. विदर्भात खाण्यात असलेलं कच्चं जवसाचं तेल इथे उत्तम. ते हळूहळू वाळून लाकडात पक्कं बसतं. हार्डवेअरच्या दुकानातलं उकळलेलं जवस तेल नको, त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात. फडक्यानं पातळ हात द्या, वीस मिनिटांनी जास्तीचं सगळं पुसून घ्या, आणि असे दोन-तीन हात मध्ये काही दिवस जाऊ देऊन. म्हणजे पोळ्याच्या किमान तीन आठवडे आधी लाकूडकाम संपलं पाहिजे. तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका: वाळताना ते स्वतः तापतं आणि पेट घेऊ शकतं. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून टाका.

रंगवायचा असेल तर तेल न लावता पाण्यातला ॲक्रिलिक रंग. पण शिवणीच्या किंवा सागाच्या अंगावर रंग फासावा असं मला वाटत नाही. खूर आणि डोळे काळे, शिंगांना बेगड, एवढं पुरे. झूल जुन्या खणाची किंवा साडीच्या काठाची, वशिंडासाठी भोक ठेवून. वेसण लाल दोऱ्याची, गळ्यात घुंगरांची माळ. तीन वर्षांखालच्या पोराचा बैल असेल तर घुंगरू आणि मणी नकोत, लोकरीचे गोंडे शिवा. ओढायची दोरी वेसणीला नाही, पाटाच्या पुढच्या कडेला भोक पाडून बांधा. दोरी पाटाला असली की बैल ठेच लागूनही सहसा उलटत नाही, आणि ओढ नाकपुडीच्या पातळ लाकडावर येत नाही.

पोळा झाला की झूल काढून ठेवा, चाकांतला चिखल ओल्या फडक्यानं पुसा आणि बैल सावलीत वाळवा, उन्हात नाही. पुढच्या वर्षी काढल्यावर जवसाचा एक पातळ हात आणि आसाला मेण.